दोरी, हलगी आणि बालप्रेक्षक

मराठी बालरंगभूमीविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी संहितेविषयी लिहिले गेले. गोष्ट कोणती, राक्षस किती भयंकर, चेटकीण किती विनोदी, गाणी किती आणि संस्कार कोणता, एवढ्यावर चर्चा थांबते. पाहणाऱ्या मुलाच्या शरीराचा विचार तीत येत नाही. १९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' उभे करून रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले, तेव्हापासून मुलांसाठी मोठ्यांनी मन लावून, पुरत्या साजसरंजामासह नाटक करावे ही गोष्ट मराठीत रुजली. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ह्या रंगभूमीतला राजवाडा कोठल्याही देशातला असला तरी त्यात बोलली जाणारी मराठी दादर-पुण्याची होती, आणि तिच्यासमोर बसलेले मूल आईबापांनी तिकीट काढून आणलेले होते. पुढे १९८६ च्या सुमारास बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची नाटके मोहन आगाशे, श्रीरंग गोडबोले ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठीतून होऊ लागली. राजवाडा गेला, बिऱ्हाड आले. मोठ्या नटांनी मुलांच्या भूमिका करायच्या, गाणी म्हणायची आणि मोठ्यांच्या वागण्याला प्रश्न विचारायचे, ही रीत मराठीला नवी होती आणि आवश्यकही होती. आईबापांचे भांडण, शाळेतली सक्ती, खेळायला जागा नसणे, हे विषय तिने मुलांपुढे मांडले. जात मात्र माझ्या पाहण्यात तरी तिथे नावानिशी फारशी आली नाही.

आता एक तिसरा प्रकार जिल्ह्याच्या गावांपर्यंत येऊ लागला आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी संगीत आणि हालचाल एवढ्यावरच उभा असलेला, गावोगाव फिरणारा खेळ. युरोपात अगदी लहान मुलांची वेगळी रंगभूमी बरीच वर्षे आहे. आपल्याकडे ती महानगरांत आली आणि तिथून खाली झिरपते आहे. अशा एका संचाचे दोन प्रयोग मी लागोपाठच्या दोन दिवशी पाहिले. संचाचे नाव मी मुद्दाम देत नाही; प्रश्न एका संचाचा नाही, आणि ही मंडळी प्रामाणिक आहेत.

चार कलावंत, पाऊण तास. पडदा नाही, मंच नाही. सतरंजीवर मुले अर्धवर्तुळात बसतात आणि त्यांच्यापासून दोन हातांवर खेळ होतो. बी पेरले जाते, पाऊस येतो, एक पाखरू घरटे सोडते, गावात एक खेळवाला येऊन दोरीवर चालतो, रात्र होते, सगळे निजतात. कथानक म्हणाल तर एवढेच. शब्द एकही नाही. हुंकार, शीळ, टाळी, पावलांचा आवाज आणि वाद्ये: हलगी, दिमडी, तुणतुणे, पाणी भरलेल्या वाट्या. पाऊस हलगीवर बोटाच्या नखाने वाजवला होता. एक थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मधली ती शांतता तीन-तीन वर्षांच्या पोरांनी धरून ठेवली. ज्याने बालवाडीत अर्धा तास काढला आहे त्याला ह्यातील कर्तबगारी समजेल. पाखराच्या प्रवेशात एक नटी पंख म्हणून केवळ आपली दोन कोपरे वापरते. मोठ्या माणसाने मुलाला रिझवण्यासाठी केलेला बावळटपणा त्यात कोठेही नव्हता. बालनाट्यात हा बावळटपणा इतका बोकाळला आहे की तो नसणे हाच मोठा गुण ठरावा.

पहिला प्रयोग शहरातल्या एका खाजगी शाळेच्या सभागृहात, तिकीट लावून झाला. मुले नटूनथटून आलेली. त्यांच्या मागे खुर्च्यांवर पालक आणि पालकांच्या हातात मोबाईल. दोरीचा प्रवेश आला तेव्हा नटाने जमिनीवर एक जाड सुती दोरी पसरली, हातात आडवी बांबूची काठी घेतली आणि तो असा चालला की ती दोरी दोन पुरुष उंचीवर आहे असे आम्हा सर्वांना वाटले. हलगी वाजत होती. मग त्याने मुलांना एकेक करून बोलावले. मुले हात पसरून, तोल सावरत, मुद्दाम डगमगत, पडल्यासारखे करून हसत चालली. पालकांनी चित्रण केले. प्रवेश अतिशय रंगला.

दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, विनामूल्य. शाळेला लागून वस्ती आहे आणि वस्तीच्या टोकाला काही वर्षांपासून स्थिरावलेली डोंबारी-कोल्हाट्यांची चारदोन घरे. शेजारच्या अंगणवाडीची मुलेही आणली होती. बी झाले, पाऊस झाला, पाखरू उडाले. नटाने दोरी पसरली मात्र, आणि मागल्या रांगेतून आवाज आला, "डोंबारी! डोंबारी!" दहा-बारा मुलांनी तो उचलला. माना वळल्या त्या नटाकडे नव्हे, दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीकडे. वय असेल सहा. नटाला ह्यातले काही समजले नाही. मुलांनी खेळ ओळखला म्हणून तो खूशच झाला आणि योगायोगाने की काय, त्याने पहिला हात त्याच मुलीपुढे केला. ती उठली नाही. त्याने हसून पुन्हा हात केला. तिने फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला आणि मान खाली घातली. तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, "अगं ऊठ की, तुला तर येतंच हे!"

बाईंचा हेतू वाईट नव्हता. ह्या लेखाचा विषय कोणाचा हेतू हा नाहीच.

प्रयोगानंतर चहा पिताना दिग्दर्शकांशी बोलणे झाले. शब्दांना जात असते, भाषेला प्रदेश असतो, म्हणून आम्ही शब्द सोडले. शरीराची भाषा मात्र सर्व मुलांची सारखीच असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ह्या प्रकारच्या रंगभूमीचे सर्व तत्त्वज्ञान ह्या एका विधानात आले आहे, आणि माझा मतभेद नेमका येथे आहे.

ह्या देशात शरीर कधी निरक्षर नव्हते. कोणी कोणापुढे किती वाकायचे, चावडीवरून जाताना वहाणा पायात असाव्यात की हातात, आपली सावली कोठे पडू द्यायची, पाणी मागताना ओंजळ किती खाली धरायची, ह्या सर्व हालचालीच होत्या आणि त्या पिढ्यान् पिढ्या अत्यंत काटेकोरपणे बसवलेल्या होत्या. जोहार हा शब्द होता तशी ती एक अंगमुद्राही होती. मनूने संहिता लिहिली असेल, पण तिची तालीम आमच्या अंगावर झाली आहे. तेव्हा चालणे, वाकणे, उडी, गिरकी ह्या क्रियांना निरागस मानून त्यांवर खेळ उभारणे म्हणजे ज्याच्या अंगावर हा इतिहास लिहिलेला नाही त्याच्या शरीराला सर्वांचे शरीर ठरवणे होय. शहरातल्या मुलाला दोरीवर डगमगणे ही गंमत आहे, कारण त्याच्या घरात कोणी दोरीवरून पडलेले नाही. त्या सहा वर्षांच्या मुलीला तेच डगमगणे गंमत म्हणून करता येणार नव्हते. तिने बसून राहणे हा त्या पाऊण तासातला मला दिसलेला सर्वात स्पष्ट अभिनय होता. त्याला नकार म्हणतात, एवढे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आता थोडे मागे जाऊ. लहान मुलांसाठी संगीत आणि हालचालीचा फिरता खेळ ही गोष्ट आपल्याकडे नवी आहे, असे ह्या संचाच्या माहितीपत्रकात छापले होते. हे खरे नाही. खेड्यातल्या पोरांनी पाहिलेली पहिली रंगभूमी फिरतीच होती. वासुदेव, बहुरूपी, नंदीवाला, माकडवाला, दरवेशी, कडकलक्ष्मी आणि डोंबारी. ढोल वाजला की पोरे धावत. तिकीट नव्हते, शब्दही फारसा नव्हता. बाप ढोल वाजवी, आई थाळी फिरवी आणि दोन बांबूंच्या कैच्यांवर ताणलेल्या दोरीवर पाच-सात वर्षांचे पोर काठी धरून चाले. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की ह्या रंगभूमीत लहान मूल प्रेक्षकांत होते तसे दोरीवरही होते. खाली उभे राहून पाहणारे मूल आणि वर चालणारे मूल एकाच वयाचे असे. एकाचे बालपण दुसऱ्याच्या पोटावर करमत होते. बालरंगभूमीच्या इतिहासात ह्या दोरीवरच्या मुलाची नोंद कोणी केलेली नाही, कारण तो इतिहास सभागृहापासून सुरू होतो.

ह्या पोटासाठीच्या खेळाला कायद्याने काय म्हटले तेही पाहण्यासारखे आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली तिच्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरत वा खेळ करून दाखवणे ह्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणे हेही घातले. 'मधुमंजिरी'चे साल आणि ह्या कायद्याचे साल एकच आहे. मला ह्यात काही कट दिसत नाही. पण एकाच वर्षी एका शहरात मुलांची रंगभूमी जन्माला येते आणि रस्त्यावरचा खेळ गुन्ह्याच्या व्याख्येत बसतो, हे दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज त्या वर्षाचा सांस्कृतिक अर्थ लागणार नाही. पुढे २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी आली, ती यायलाच हवी होती. पण जाहिराती, चित्रपट, दूरचित्रवाणीवरच्या मालिका ह्यांत काम करणारी मुले अटी घालून त्या बंदीतून वगळली गेली आणि सर्कस मात्र नाव घेऊन बंदीत ठेवली गेली. सर्कशीत मुलांचे जे हाल झाले ते पाहता तेही योग्यच. तरीसुद्धा हालचाल एकच असताना ती दिव्यांच्या झोतात केली तर कला, तंबूत केली तर शोषण, रस्त्यावर केली तर भीक आणि सतरंजीवर केली तर बालशिक्षण, ही विभागणी शरीरावरून झालेली नाही. ते शरीर कोणाच्या घरचे, त्यावरून ती झाली आहे.

आपल्या साहित्याने ह्या शरीराविषयी बोलायला केव्हाच सुरुवात केली. लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मुलाचे पाय मराठी वाचकाला प्रथम दिसले. दादासाहेब मोरे ह्यांचे 'गबाळ' आले. किशोर शांताबाई काळे ह्यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' ह्या १९९४ च्या आत्मकथनात तर लेखकाचे सारे बालपण ढोलकी आणि घुंगरांच्या आवाजात गेलेले आहे, आणि त्या आवाजावर आईचे आयुष्य खर्ची पडते आहे. ही पुस्तके आम्ही महाविद्यालयात शिकवतो. पण मुलांसाठी रंगभूमी करणारी मंडळी ती वाचतात असे त्यांच्या कामावरून दिसत नाही. ज्याने 'कोल्हाट्याचं पोर' वाचले आहे त्याच्या हातून जिल्हा परिषद शाळेत दोरी पसरताना आधी एकदा तरी, इथे मुले कोण आहेत, हा प्रश्न विचारला गेला असता.

हलगीविषयी मात्र मला वेगळ्या सुरात लिहावे लागेल. माहितीपत्रकात तिचा उल्लेख 'लोकवाद्य' असा होता. लोक हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो लावला की वाजवणाऱ्याची जात पुसली जाते, वेठ पुसली जाते, विस्तवावर कातडे तापवताना हाताला बसलेले चटके पुसले जातात आणि फक्त नाद उरतो. हा नाद मग कोणालाही उचलता येतो. माझ्या आजोबांनी १९५६ नंतर गावकीची कामे सोडली तेव्हा मेलेली ढोरे ओढणे सोडले तसे वाजवणेही सोडले. घरातली हलगी कोठे गेली ते कोणी सांगत नाही. मी तिला पहिल्यांदा हात लावला तो एम. ए. करताना, विद्यापीठाच्या लोककलाविषयक चर्चासत्रात, पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेल्या टेबलावर. तेव्हा ह्या प्रयोगात एक प्रशिक्षित तरुण हलगीवर नखाने पाऊस पाडतो आणि आमची मुले तो पाऊस श्वास रोखून ऐकतात, ह्याचा मला आनंद झाला हे खरे, आणि राग आला हेही खरे. दोन्हींची बेरीज मला अजून करता आलेली नाही. मातंग समाजातल्या माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे वेगळे आहे. तो म्हणतो, तुम्ही हलगी टाकली म्हणून तिची आठवण काढता. आमच्या घरी ती अजून लग्नसराईत भाकर आणते, आणि म्हणून आमच्या पोरांना ती सभागृहात ऐकून काही वाटत नाही. ह्या प्रश्नावर आपल्यातच एकमत नाही ते ह्यामुळे, आणि ते उघड मांडलेले बरे.

प्रयोग पाहून परतताना चळवळीतल्या एका मित्राने सरळ सांगितले की ही सारी चैन आहे. आपल्या पोरांना पाटी-पुस्तक द्या, नाचगाण्यातून आपण मोठ्या कष्टाने बाहेर पडलो आहोत. ह्या मतामागे फार मोठी वेदना आहे. तमाशा, मुरळी, पोतराज ह्या साऱ्यांत आमच्या शरीराची जी विटंबना झाली तिच्यामुळे अंग हलवणे म्हणजे गुलामी आणि ताठ बसून वाचणे म्हणजे मुक्ती, असे एक समीकरण आपल्या मनात घट्ट झाले आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला ताठ बसवून काय शिकवणार? चौदा एप्रिलला आपण काय करतो ते आठवा. चार वर्षांच्या पोराला कोट घालून माईकसमोर उभे करतो आणि त्याला न समजणारे भाषण पाठ म्हणायला लावतो. ते अडखळले की बाप खालून ओरडून सांगतो. समोर मोठी माणसे टाळ्या वाजवतात. तो सोहळाही मुलांसाठी नसून मोठ्यांसाठीच आहे. आंबेडकरी जलशाने गाव पेटवले, भीमराव कर्डकांसारख्यांनी गण-गवळणीचा जुना साचा घेऊन त्यात नवा विचार ओतला. बापू, आई, म्हातारी, तरुण, सर्वांना जलशाने काही दिले. शाळेत न गेलेल्या पोराला मात्र मोठ्यांच्या मांडीवर बसून, जे काय कानावर पडेल ते ऐकण्यावाचून दुसरे काही मिळाले नाही. त्या काळी तेवढेही पुष्कळ होते. आज आपल्याकडे नाटककार आहेत, गायक आहेत, शिक्षक आहेत, आणि तरीही तीन ते सात वयाच्या मुलासाठी आपला असा एकही फिरता खेळ माझ्या ऐकिवात नाही.

आणि म्हणूनच त्या दुसऱ्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या सतरंजीवर वडारी, पारधी, गोरमाटी घरांतली मुले होती. शाळेत ती मागे पडतात ती अकलेने नव्हे. पहिलीचे पुस्तक त्यांच्या आईच्या भाषेत बोलत नाही म्हणून. ह्या पाऊण तासात एकही मूल भाषेमुळे मागे राहिले नाही. पाखरू घरट्याच्या काठावर येऊन मागे फिरले तेव्हा सगळी एकदम हसली, आणि कोणी कोणाकडे पाहून हसले नाही. शब्दांच्या बालनाट्याला गेल्या सहा दशकांत जे साधले नाही ते ह्या प्रकाराला सहज साधते. तेव्हा हा प्रकार टाकाऊ ठरवून मोकळे होणे परवडणारे नाही. तो आपण ताब्यात घ्यावा अशा योग्यतेचा आहे.

दोरीचा प्रवेश काढून टाकावा असे आमच्यापैकी काहींनी दिग्दर्शकांना सुचवले. मला ते मान्य नाही. तो काढला तर खेळ निर्धोक होईल आणि डोंबाऱ्याचे पोर पुन्हा एकदा रंगभूमीच्या इतिहासातून गळेल. प्रवेश ठेवावा, पण त्याची उभारणी बदलावी. आज दोरीवर एकटा नट आहे आणि हलगी कोपऱ्यात आहे. म्हणजे मेहनत करणारा एक आणि वाजवणारा अदृश्य. हलगी मधोमध आणावी. दोरीवर मोठ्याने चालावे आणि ठेका मुलांच्या हाती द्यावा. मुलांनी वाजवणे थांबवले की त्याचे पाऊल हवेत थांबले पाहिजे, त्यांनी घाई केली की त्याचा तोल गेला पाहिजे. तो पडावा, आणि पडल्यावर हसू येऊ नये अशा रीतीने पडावा; ज्या नटीला दोन कोपऱ्यांत पाखरू दाखवता येते तिला हे अवघड नाही. वर चालणाऱ्याचा जीव खालच्यांच्या हातात असतो, हे सहा वर्षांच्या मुलाला शब्दावाचून कळू शकते. आणि मुलांना दोरीवर बोलवायचेच असेल तर आधी हात पुढे करू नये. दोरी तिथे असू द्यावी. ज्याला यायचे तो येईल.

दिग्दर्शकांनी हे सारे ऐकून घेतले, काही टिपून घेतले. दोरी खेड्यातल्या मुलांना ओळखीची वाटेल म्हणूनच घेतली होती, असे ते म्हणाले. ती ओळखीची होतीच. संचातल्या चौघांत वस्तीतला कोणी आहे काय, असे मी विचारले तेव्हा ते थोडे थांबले आणि निवडचाचणीला तसे कोणी आले नव्हते असे म्हणाले. निवडचाचणी कोठे झाली, तिची बातमी कोणत्या माध्यमातून गेली, हा प्रश्न मी पुढे विचारला नाही, परंतु आपल्या तरुण कलावंतांनी तो जरूर विचारावा.

१९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या चालतात आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचे शिक्षण हे त्यांचे एक घोषित काम आहे. सर्वात गरीब मूल आणि हा खेळ ह्यांची भेट व्हायची तर ती तिथेच होईल. सभागृहात ती होणार नाही. ह्या संचाला पुढच्या हंगामात आमच्या तालुक्यातल्या आणखी काही अंगणवाड्यांत प्रयोग करायचे आहेत. त्यांना सतरंजी, पाणी आणि दुपारचे जेवण एवढे हवे आहे. आम्ही पाच-सहा जणांनी ते अंगावर घेतले आहे, एका अटीवर: प्रत्येक प्रयोगाच्या आदल्या दिवशी कलावंतांनी वस्तीत यावे, वाद्ये घेऊन न येता यावे, आणि घरोघर बसून जावे. अट त्यांनी मान्य केली आहे. हलगीवाल्या माझ्या सहकाऱ्याने स्वतःचीही एक अट घातली, की एका प्रयोगात हलगी त्याचा बाप वाजवील आणि त्याला ठरलेले मानधन मिळेल. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.